मोंगल दरबारची संगीत-कचेरी

१२३८ च्या हिवाळ्यात खोंग युआनत्स्वो मोंगल सम्राट ओगदाईच्या भेटीला गेले. खोंग हे कन्फ्यूशियसचे एक्कावन्नाव्या पिढीतले वंशज. उत्तर चीनमधलं जिन राज्य मोंगलांनी बुडवून चार वर्षं झाली होती आणि त्या दरबारातले राजविधी जाणणारे, घंटा आणि शिळावाद्यं वाजवणारे लोक वाट फुटेल तिकडे पांगले होते. खोंग यांचं मागणं या माणसांसाठी होतं. त्यांना, त्यांच्या ग्रंथांना आणि वाद्यांना शोधून एका जागी आणण्याचा हुकूम व्हावा, एवढंच. ओगदाईनं तो दिला. असा जाणकार जिथे सापडेल तिथून त्याला कुटुंबासह शानदोंगमधल्या दोंगफिंगला धाडावं, खोंग यांच्या हाताखाली ठेवावं आणि त्याच्या शिध्याचा भार तिथल्या करवसुलीच्या कचेरीनं उचलावा, असं फर्मान निघालं. पुढच्या वर्षी खोंग यानजिंगला, म्हणजे आजच्या बेजिंगला गेले. तिथे त्यांना ९२ माणसं मिळाली. संगीताचे अधिकारी शू झंग, विधींचे अधिकारी वांग ज्ये, वादक झाय गांग ही त्यांतली नावं 'युआनशी' या राजवटीच्या अधिकृत इतिहासात नोंदलेली आहेत.

कागदोपत्री दरबारी कलावंतांची कचेरी उघडली ती १२६१ मध्ये, कुब्लाई खानाच्या कारकिर्दीत. तरीही या संस्थेच्या इतिहासाचं पहिलं पान मी १२३९ ची ही यादी मानतो. पुढच्या सव्वाशे वर्षांत ही संस्था ज्या गोष्टींवर उभी राहिली त्या सगळ्या इथे आहेत: माणसांची नावं, त्यांची कुटुंबं, राहायची जागा, शिधा आणि शिकवणी. वाद्यं नंतर आली. हुद्दे, दर्जे, शिक्के तर फारच नंतर.

याचा अर्थ मोंगल स्वतः गाण्याबजावण्याला पारखे होते असं नाही. १२४०-५० च्या दशकांत मोंगल छावण्यांत जाऊन आलेले कार्पिनी आणि रुब्रुक हे दोघे युरोपीय धर्मोपदेशक लिहितात, की सरदारानं पेला ओठाला लावला की तंबूत तंतुवाद्य वाजू लागलंच पाहिजे. मार्को पोलोनं लढाईच्या तोंडावर दोन तारांची वाद्यं छेडत गाणाऱ्या स्वारांचं वर्णन केलं आहे. खानाचा नगारा दुमदुमेपर्यंत हे गाणं चाले आणि मगच घोडे पुढे सुटत. चंगीज खानानं तर शीश्या या तांगुत राज्याचं जुनं दरबारी संगीत आपल्याकडे मागवलं होतं, असं 'युआनशी' सांगतो. म्हणजे जिंकलेल्या दरबाराचे गवई-वादक आपल्या पदरी आणण्याची रीत राजवटीच्या आरंभापासूनच होती. खोंग यांच्या विनंतीनं त्या रीतीला घर मिळालं.

१२४० च्या उन्हाळ्यापासून छुफू इथल्या कन्फ्यूशियसच्या मंदिरात तालमी सुरू झाल्या. वाद्यं अपुरी होती, तेव्हा काही वर्षांनी म्याओ लान नावाच्या जाणत्याला दोंगफिंगला बोलावून दहा छिन (तंतुवाद्य) करवून घेतले: एक, तीन, पाच, सात आणि नऊ तारांचे प्रत्येकी दोन. मग १२५२ मध्ये मोंके खानाचं बोलावणं आलं. पन्नासांहून अधिक वादक घंटा, शिळा, बासऱ्या, मातीची फुंकवाद्यं आणि तोंडानं फुंकायचे 'शंग' घेऊन खानाच्या फिरत्या राजवाड्यापुढे हजर झाले. खानानं विचारलं, या विधींची आणि संगीताची सुरुवात केव्हा झाली? शू शिलोंग या विद्वानानं उत्तर दिलं, की याओ आणि शुन या आदिराजांच्या काळात. मग वादकांनी तिथेच, खानासमोर, आपापलं वाद्य वाजवून दाखवलं. चार दिवसांनी सूर्यचंद्र पर्वतावर आकाशदेवाची पूजा झाली ती याच संगीतात, आणि पूजा आटोपताच सगळ्यांना सरकारी डाकेच्या घोड्यांवरून दोंगफिंगला परत पोचवण्यात आलं.

हे जाणं-येणं पुढेही चालू राहिलं. १२६० मध्ये कुब्लाईनं त्यांना यानजिंगला बोलावलं, पूर्वजांच्या पूजेत वाजवून घेतलं, विधिकार आणि वादक मिळून १४९ जणांना कागदी चलनात बक्षिसी दिली आणि पुढच्याच महिन्यात परत धाडलं. १२६४ मध्ये देवळांत, मठांत आणि लोकांच्या घरांत पडून असलेली जिन दरबाराची वाद्यं गोळा करायचा हुकूम निघाला. त्याआधीच एकट्या यानजिंगमधून ३९९ नग सापडले होते. १२६६ मध्ये राजपूर्वजांच्या मंदिरात पूर्ण वाद्यमेळ आणि दोन विधिनृत्यं प्रथमच सादर झाली. दोंगफिंगहून त्यासाठी ४१२ वादक आणले होते.

त्यानंतर जे घडलं ते मला या इतिहासातलं सर्वांत खुपणारं पान वाटतं. दोंगफिंग लांब पडतं, असं राज्याच्या मुख्य सचिवालयाचं म्हणणं पडलं. म्हणून तिथली ९२ कुटुंबं तेवढी ठेवली आणि बाकीच्यांना घरी पाठवून त्यांची नावं सामान्य रयतेच्या वहीत पुन्हा चढवली. त्यांच्या जागी राजधानीच्या आसपासच्या विद्वान घराण्यांतले ३८४ लोक वादक म्हणून नोंदले गेले. ज्यांनी पाव शतक ही विद्या जिवंत ठेवली, बोलावलं तेव्हा शेकडो कोसांचा प्रवास केला, त्यांतले बहुतेक जण प्रवासखर्च आणि अंतराच्या हिशेबात बाहेर पडले. दरबाराच्या लेखी हा साधा कारभारी निर्णय होता. एका हाताची शिकलेली बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांनी बदलता येतात, असं ज्याला वाटतं त्याला तो साधाच वाटणार.

पूर्वजांच्या मंदिरातल्या त्या दोन नृत्यांपैकी युद्धनृत्याची रचना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. चौसष्ट नर्तक, आठाच्या आठ ओळी. ही चौकट चिनी परंपरेतली, फार प्राचीन. आशय मात्र नवा. नृत्याचे सहा भाग होते. पहिल्यात चंगीजचा प्रतिस्पर्धी ओंग खान याचा पाडाव, दुसऱ्यात शीश्याचा पराभव, तिसऱ्यात जिन राज्यावर विजय, चौथ्यात पश्चिमेकडचे देश आणि हनान, पाचव्यात सिच्वान आणि युनान, सहाव्यात कोरिया आणि अन्नमचं मांडलिकत्व. चंगीजपासून कुब्लाईपर्यंतचा साम्राज्याचा विस्तार चौसष्ट माणसांच्या पावलांत बसवला होता. आणि नाचाला साथ करणाऱ्यांत जिन दरबाराचेच जुने वादक होते. तिसरा भाग सुरू झाला की आपल्याच राज्याच्या बुडण्याला त्यांना ठेका धरावा लागे.

दक्षिणेतलं सुंग राज्य जिंकल्यावर तिथली वाद्यंही राजधानी दादूला आली आणि आधी एका सरकारी कोठारात पडून राहिली. संगीत विभागानं मागणी केल्यावर १२८४ मध्ये ती हाती पडली. त्यांत लहान घंटा तेवढ्या ७२३ होत्या. पण संख्या मोठी असली म्हणजे मेळ सुरात लागतो असं नाही. पुढच्याच वर्षी विधी-खात्याचे प्रमुख खुदुयुस यांनी अर्ज केला, की वापरातल्या शिळा बेसूर बोलतात. जुने ग्रंथ सांगतात की शिळावाद्याला स नदीकाठचा दगड सर्वोत्तम. जिन दरबाराला तो कधी मिळाला नाही, आता मात्र तो मुलूख आपल्या हद्दीत आहे, तेव्हा तिथूनच दगड आणावा. स्वराचा पक्का कान असलेले झाओ रोंगझू आणि दगडाची पारख असलेला न्यू छ्वान नावाचा पाथरवट अशा दोघांना पाठवण्यात आलं. नव्वद ओबडधोबड शिळा आल्या, त्यांतून २३० वाद्यशिळा घडवल्या, आणि तपासणीत त्यांपैकी १०५ सुरात निघाल्या. त्याच्या पुढच्या वर्षी ८१ घंटा नव्यानं ओतल्या, त्यांतल्या ५० स्वराला उतरल्या. निम्म्याहून अधिक शिळा नाकारणाऱ्या या तपासनीसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. बादशहाच्या खजिन्याचा खर्च झाला म्हणून त्यांनी बेसूर दगडाला सुरेल म्हटलं नाही. कलावंतांच्या विवाहावर आणि वस्तीवर दरबाराची सत्ता चाले, पण दगडाच्या नादावर तिची मात्रा चालत नव्हती, आणि हे वहीत लिहून ठेवण्याचं धैर्य या खात्यानं दाखवलं.

इथवर आलं ते विधिसंगीत. मेजवान्या, दरबार आणि वाढदिवस यांचं संगीत निराळ्या कचेऱ्यांकडे होतं. यीफंगसकडे वादकांचा कारभार. तिच्या हाताखालच्या एका विभागाकडे मुसलमान वादक, एकाकडे पूर्वीच्या शीश्या मुलखातले, आणि चिनी वादकांचे विभाग वेगळे. ज्याओफांगसकडे गायिका, नर्तकी, नाटकवाले आणि कसरतवाले. पाचशे कुटुंबं तिच्या वहीत होती. हीच ती १२६१ ची कचेरी. १२८० मध्ये तिची बढती झाली, १३०४ मध्ये तिचा दर्जा तिसऱ्या श्रेणीपर्यंत चढला आणि १३२० मध्ये पुन्हा चौथ्यावर उतरला. यीफंगस तर १३०७ मध्ये दुसऱ्या श्रेणीला पोचली आणि चार वर्षांत खाली आली. या चढउतारांचा तपशील फार लांबवण्यात अर्थ नाही. कुठला सम्राट गाण्याचा किती शौकीन होता, ते या श्रेणींवरून ओळखता येतं.

कचेरीला मान असला तरी कलावंताला तो नव्हता. नोंदीतल्या वादकांनी वादकांच्याच घरात लग्नं करावीत असा कुब्लाईच्या काळापासून दंडक होता. १३१३ मध्ये सरकारी परीक्षा पुन्हा सुरू करण्याचं फर्मान निघालं तेव्हा गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या घरातल्या मुलांना त्या परीक्षांना बसण्याची बंदी झाली. सम्राट रेनझोंगच्या मनात ज्याओफांगसचे प्रमुख चाओ याओझू यांना विधिमंत्री करायचं आलं, तेव्हा झांग ग्वेई या मंत्र्यानं ठाम विरोध केला: एका कलावंताला विधींचा सर्वोच्च अधिकारी केलं तर पुढच्या पिढ्यांना आपण काय दाखवणार? नेमणूक रद्द झाली. झांग ग्वेई हे प्रामाणिक, निर्भीड मंत्री म्हणून ख्यात आहेत आणि त्यांच्या काळाच्या मापानं ते बरोबरही असतील. मला मात्र चाओ याओझूंसाठी वाईट वाटतं. विधी ज्याच्या माणसांशिवाय पार पडत नव्हता, त्याला विधिखात्याच्या गादीवर बसायला जागा नव्हती.

साम्राज्याच्या पश्चिम टोकालाही हेच दिसतं. १२५८ मध्ये मोंगल सेनानी हुलागूनं बगदाद उद्ध्वस्त केलं तेव्हा खलिफाचा ऊदवादक आणि स्वरशास्त्राचा महान ग्रंथकार सफीउद्दीन उर्मवी वाचला, तो आपल्या वादनानं आणि आदरातिथ्यानं. हुलागूनं त्याला १०,००० दिनारांचं वर्षासन बांधून दिलं. आश्रयदाते जुवैनी घराणं पुढे कोसळलं आणि १२९४ मध्ये हा माणूस ३०० दिनारांच्या कर्जापायी तुरुंगात वारला.

दादूच्या मेजवान्यांचं वर्णन वाचताना डोळे दिपतात. सम्राटाच्या मोठ्या मेजवानीला सगळ्यांनी एकाच रंगाचा पोशाख घालायचा, आणि वादक-पहारेकऱ्यांपर्यंत सगळ्यांसाठी तसे पोशाख ठरलेले. सभागृहात 'शिंगलोंग शंग' नावाचं प्रचंड वाद्य असे. कुब्लाईच्या पहिल्या काही वर्षांत ते मुसलमानी मुलखातून नजराणा म्हणून आलं. सुगंधी लाकडाची कोरीव पेटी, तिच्यावर जांभळ्या बांबूच्या ९० नळ्या, तळाशी सिंह आणि हत्ती. आपल्या बाजाच्या पेटीसारखा याला भाता होता, फक्त तो ओढायला वेगळा माणूस लागे. आलं तेव्हा त्यातून आवाज निघे, पण स्वर लागत नसत. झंग श्यू या संगीत-अधिकाऱ्यानं त्याच्या पट्ट्या तपासून, तार-मंद्र ठरवून ते नव्यानं बसवलं. वर लाकडाचे दोन मोर होते, खऱ्या मोरपिसांनी मढवलेले. एक जण भाता चालवी, दुसरा स्वर दाबी, तिसरा आतली कळ फिरवी आणि मोर तालावर नाचत. चौदाव्या शतकातले लेखक ताओ झोंगयी सांगतात, की हे वाद्य सुरू झालं की सगळा मेळ सुरू होई आणि ते थांबलं की सगळा थांबे. त्याच मेळात 'हुओबुस' हे चार तारांचं, चामडं मढवलेलं, बिनपडद्यांचं वाद्य होतं, आणि घोड्याच्या केसांच्या गजानं वाजवायचं दोन तारांचं 'हूछिन'ही होतं.

नववर्षाच्या ताफ्यात काही नर्तक मयूरराजाचे, वैश्रवणाचे आणि नागराजांचे मुखवटे घालून येत. हे देव भारतातून बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेले. तिबेटी गुरू फाग्स्पा यांच्या सांगण्यावरून कुब्लाईनं १२७० मध्ये सिंहासनावर श्वेतछत्र बसवलं, आणि दर वर्षी दुसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेला त्या छत्राची नगरप्रदक्षिणा निघू लागली. 'युआनशी'त तिची हजेरी आहे: ढोल, पिपा, बासऱ्या आणि सनईच्या जातीची वाद्यं वाजवणारे ४००, सोंगं घेऊन नाचणाऱ्या स्त्रिया १५०, खेळ करणारे स्त्री-पुरुष १५०, शिवाय चिनी, मुसलमान आणि तांगुत अशा तीन तऱ्हांच्या नाजूक वाद्यांचे नऊ ताफे, मिळून ३२४. मिरवणुकीची लांबी तीस 'ली'हून अधिक, म्हणजे पंधरा किलोमीटरांच्या वर. चिलखतं, झगे, निशाणं सगळं सरकारी. सहाव्या महिन्यात शांगदू या उन्हाळी राजधानीतही हाच सोहळा होई.

एवढा सगळा लवाजमा खानाच्या शब्दावर चाले. पण एक बंदिश त्याच्या शब्दाबाहेर गेली. पांढऱ्या पंखांचा चंडोल उत्तरेच्या गवताळ माळावर राहतो आणि नर-मादी एकमेकांना साद देत गातात. कुब्लाईला तो पक्षी आवडे, म्हणून त्यानं शुओदेलू नावाच्या कलावंताला त्याच्या नावाची रचना करायला सांगितली. ती संथ, भारदस्त लयीत सुरू होई आणि शेवटी फार द्रुत, दाट होत जाई. ऐकून कुब्लाई म्हणाला, की याच्या शेवटी हा क्षोभ, हा विधवेचा आक्रोश का ऐकू येतो? पण तोवर स्वरलेखन बाहेर पोचलं होतं, वादकांच्या हातात बसलं होतं. आता ते बदलता येईना. ताओ झोंगयींनी ही हकीकत राजवट संपण्याच्या बेताला लिहिली, आणि तेव्हाही ती रचना तशीच वाजत होती. मला ही या संस्थेच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना वाटते. ज्या यंत्रणेनं माणसांची नावं वहीत बांधली, लग्नं बांधली, त्याच यंत्रणेच्या शिकवणीनं एक बंदिश इतक्या हातांत पोचवली की जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला ती मागे घेता आली नाही.

गायिकांची आठवण श्या तिंगझीच्या 'छिंगलौ जी' या संग्रहानं जपली. त्यात शंभराहून अधिक गायिका-अभिनेत्रींच्या छोट्या नोंदी आहेत. त्यांतली एक ज्याओफांगसची शुनशीश्यू, घराण्याचं नाव ग्वो. विरहिणीच्या भूमिकांत तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. ती आजारी पडली आणि तिला घोड्याच्या आतड्याचं कालवण खावंसं वाटलं, तेव्हा वांग युआनदिंग या विद्वानानं स्वतःच्या बसायचा उमदा घोडा मारला. अधिकृत इतिहासात अशा नोंदी येत नाहीत, पण त्यांच्यावाचून ही संस्था माणसांची होती हे कळत नाही.

शेवटचा सम्राट तोघोन तेमूर याच्या काळात, १३५४ मध्ये, राजवाड्यातल्या सोळा स्त्रियांचा एक ताफा बसवला गेला. डोक्यावर अनेक वेण्या, हस्तिदंती बुद्धमुकुट, अंगावर माळा, हातात कवटीचं पात्र आणि त्यांतल्या एकीकडे घंटा-वज्र. शिवाय बासरी, झंग, पिपा, हूछिन वाजवणाऱ्या अकरा जणी. बुद्धस्तुतीच्या वेळीच हे नृत्य होई आणि गुप्त दीक्षा घेतलेल्यांनाच ते पाहता येई. नंतरच्या इतिहासकारांनी राजवट बुडण्याचं खापर बऱ्याच अंशी या नृत्यावर फोडलं. हा अन्याय आहे. त्या दशकांत पिवळी नदी पात्र सोडून वाहिली होती, कागदी चलन मातीमोल झालं होतं आणि दक्षिणेत बंडं पेटली होती. सोळा नर्तकींच्या पायांत साम्राज्य बुडवायची ताकद नव्हती.

१३६८ मध्ये मिंग फौजांनी दादू घेतलं आणि तोघोन तेमूर उत्तरेला पळाला. नव्या राजवटीनं ज्याओफांगस मोडली नाही. नावासकट ती विधिखात्याच्या हाताखाली चालू ठेवली. शुनशीश्यूची, म्हणजे ग्वो गायिकेची, शिष्या छन हिचं गाणं ऐकून गाओ छी या कवीनं त्यावर कविता लिहिली. दरबार गेला तरी गुरूचा गळा शिष्येकडे राहिला होता.

मोंगलांचं स्वतःचं दरबारी संगीत गवताळ प्रदेशातल्या खानांकडे टिकलं. कुब्लाईच्या गादीचा वारसा सांगणारा शेवटचा मोठा खान, चाहारचा लिग्दन, १६३४ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याचा मुलगा मांचूंना शरण गेला, आणि मांचूंनी चाहारच्या दरबारचं संगीत आपल्याकडे नेलं. मांचूंच्या छिंग राजवटीच्या मेजवान्यांत 'मोंगल संगीत' म्हणून त्याचे दोन विभाग झाले, एक गायनाचा आणि दुसरा मोठ्या वाद्यमेळाचा. त्या मेळाच्या वाद्यांत हुओबुस आहे, हूछिनही आहे. १७४६ मध्ये पुऱ्या झालेल्या छिंग दरबाराच्या संगीतग्रंथात त्या रचना स्वरलिपीसह लिहिल्या गेल्या आणि आज इनर मंगोलियातले वादक त्या बसवून सादर करतात.